ट्रकची कंपनी बदलताना मागच्या सात दिवसांचे तास: हिशेब जुन्या मालकाने द्यायचा की ड्रायव्हरने?

अठराचाकी
अमेरिकेत ट्रक चालवतोय, सहावं वर्ष. गेल्या महिन्यात कंपनी बदलली. ओरिएंटेशनला सह्यांसाठी कागदांचा गठ्ठा आला, त्यात एक पान सात चौकटींचं. मागच्या सात दिवसांत रोज किती तास ऑन ड्यूटी, म्हणजे कामावर, होतो ते लिहायचं, खाली शेवटचं काम कधी सुटलं ती वेळ, आणि सही. शेजारच्या खुर्चीवरच्याने विचारलं काय भरू, तर समोरचा माणूस म्हणाला, "सगळीकडे शून्य टाक आणि पुढे चल." त्याने सात शून्यं ओढली, मागे वळूनही पाहिलं नाही.

माझा मुद्दा असा. डिसेंबर 2017 पासून ईएलडी, म्हणजे ड्रायव्हरचे तास आपोआप नोंदवणारं ट्रकमधलं यंत्र, सक्तीचं झालं. ट्रक ताशी पाच मैलांवर गेला की ड्रायव्हिंग आपोआप लागतं. ही नोंद कंपनीला सहा महिने जपून ठेवावीच लागते. मग नव्या कंपनीला ती थेट जुन्या कंपनीकडून मागवायला काय धाड भरली आहे? मागच्या तीन वर्षांचे अपघात जुन्या मालकांकडून विचारतात, ड्रग टेस्टसाठी क्लिअरिंगहाउस (ड्रायव्हरांच्या ड्रग टेस्टची सरकारी नोंद) बघतात. फक्त तासांच्या बाबतीत आमच्या सहीवर भागवायचं, आणि उद्या चूक निघाली की खोटं लिहिलं म्हणून ते आमच्याच गळ्यात. हा नियम बदलायला हवा.

तीनट्रकवाला
भाऊ, अजिबात पटलं नाही. तीन वर्षांचा इतिहास मागवायला आम्हाला कामावर घेतल्यापासून 30 दिवस मिळतात, आणि तेवढ्यातही जुन्या कंपन्या दाद देत नाहीत. फोन केला की ईमेल करा, ईमेल केला की फॅक्स करा. सात दिवसांचा कागद मात्र तू आमचं काम सुरू करण्याआधी हातात हवा. तो जुन्या मालकावर सोपवलास तर नव्या नोकरीची किल्ली तू त्याच्याच खिशात ठेवलीस. ज्याला सोडून आलास तो तुझ्यासाठी सोमवारी सकाळी आठला संगणक उघडून बसणार आहे का? तोपर्यंत तू मोटेलमध्ये बिनपगारी. आज तू सही करतोस आणि तासाभरात लोड उचलतोस. ही सोय आहे, अन्याय नाही.

रात्रपाळी
तीनट्रकवाल्यांच्या बाजूने, पण कारण वेगळं. ईएलडी ट्रकच्या मागावर असतं, माणसाच्या नाही. माझंच उदाहरण देतो. सोमवार ते शुक्रवार 11, साडेदहा, 12, 9 आणि 10, म्हणजे साडेबावन्न तास. शुक्रवारी रात्री आठला सुटलो. सोमवारी सकाळी आठला नवीन कंपनी. मधे 60 तास गेले, म्हणजे 34 तासांचा रिस्टार्ट झाला (सलग 34 तास सुट्टी झाली की मोजणी पुन्हा शून्यापासून), आठ दिवसांत 70 तासांच्या मर्यादेतले 70 च्या 70 तास हातात. जुन्या कंपनीचा लॉग हेच सांगणार, आणि तो खराही असणार.

पण मी शनिवार-रविवार दोन्ही दिवस सकाळी दहा ते चार साडूच्या गोदामात पैसे घेऊन माल लावत होतो. पगारी काम ट्रकचं नसलं तरी ते ऑन ड्यूटीत धरलं जातं. म्हणजे रिस्टार्ट गेला, बेरीज साडेचौसष्ट, आणि सोमवारी हातात उरले साडेपाच तास. हे कुठल्या जुन्या मालकाला कळणार? ते फक्त मला माहीत. म्हणून सही माझी.

अठराचाकी
रात्रपाळी, हे मान्य. साडूचं गोदाम कुठल्याच सर्व्हरवर नसतं. (लिहिलंत का त्या चौकटीत, ते विचारत नाही.)

पण माझी अडचण राहिलीच. मी शुक्रवारी दुपारी राजीनामा दिला आणि संध्याकाळी माझं अ‍ॅपचं लॉगिन बंद. बुधवारी मी साडेनऊ तास होतो की साडेदहा, हे आठवून लिहायचं? शिपरच्या दारात थांबलेली दोन तासांची रांग मी ऑन ड्यूटी टाकली होती की ऑफ, देव जाणे. सही माझी घ्या, पण आधी माझी वही तरी माझ्या हातात द्या.

सेफ्टीडेस्क
मी एका मध्यम कंपनीत सेफ्टीत आहे, रोज हेच पान फायलीला लावते. दोन्ही बाजूंचं थोडं चुकतंय.

नियम नवीन कंपनीला सांगतो की पहिल्यांदा किंवा अधूनमधून कामावर घेतलेल्या ड्रायव्हरकडून मागच्या सात दिवसांचे एकूण तास आणि शेवटचं काम सुटल्याची वेळ, सहीनिशी, घ्या. घेण्याची जबाबदारी कंपनीची आहे. म्हणजे "शून्य टाक" म्हणणाऱ्या माणसाने आधी स्वतःच्या मालकाची फाईल खराब केली. आठवडाभर घरी असलेल्याचं शून्य खरं असतं, त्याला कोण नाही म्हणेल? पण काल रात्री लोड टाकून आलेल्याने शून्य लिहिलं की नवीन ईएलडी त्याला आनंदाने 70 तास शिल्लक दाखवतं. यंत्राला जे भरवाल तेच ते ओकणार.

अठराचाकी, लॉगिन बंद झालं तरी नोंदी गेलेल्या नसतात. तुम्हाला स्वतःला बघता येत नसेल तर तुम्ही मागितल्यावर कंपनीने तुमच्या ईएलडी नोंदींची प्रत द्यायची असते, ती जपून ठेवायच्या सहा महिन्यांत कधीही. लेखी मागा. आणि हे फक्त फायलीपुरतं नाही. रस्त्यात इन्स्पेक्शनला आजचा आणि मागच्या सात दिवसांचा लॉग दाखवावा लागतो. दोन कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलत नसतील तर एकतर नव्या यंत्रात जुने दिवस हाताने भरा, नाहीतर प्रिंट जवळ ठेवा. त्या प्रिंटवरून सात चौकटी भरायला पाच मिनिटं पुरतात.

अजून एक, जे कोणीच लिहीत नाही: कंपनीने सक्तीने बसवलेलं ओरिएंटेशन पण ऑन ड्यूटीच. दोन दिवस खुर्चीत बसून तिसऱ्या दिवशी गाडी दिली, तर ते दोन दिवसही धरा.

कागदीघोडा
ताई, राग नसावा, पण ही सगळी पुस्तकातली गोष्ट. ऑडिटर फाईल उघडतो, पान आहे का बघतो, सही आहे का बघतो, पुढची फाईल. मी दहा वर्षांत चार कंपन्या बदलल्या, त्या पानावरून एक शब्द कोणी विचारला नाही. दमलेला ड्रायव्हर चौकटींनी थांबत नाही, डिस्पॅचरने (लोड वाटून देणाऱ्याने) "आज नाही झालं तर उद्या" म्हटलं की थांबतो. तेवढं कोणी म्हणत नाही.

सेफ्टीडेस्क
विचारलं नाही कारण अपघात झाला नाही. झाला की वकील पहिल्यांदा तेच पान मागतो, मग डिझेलच्या पावत्या, लोडची कागदपत्रं, पगाराचा हिशेब, सगळं शेजारी शेजारी ठेवतो. शून्य लिहिलेल्या दिवशीची डिझेलची पावती निघाली तर पुढे काय, ते मी सांगायला नको. डिस्पॅचरचं मात्र पटलं. तास संपलेत म्हटल्यावर लोड काढून घेण्याची धमकी देणं 2016 पासून नियमाविरुद्ध आहे, ड्रायव्हरला 90 दिवसांत तक्रार करता येते. किती जण करतात हा भाग वेगळा.

तीनट्रकवाला
जुन्या कंपनीच्या लॉगवर एवढा भर देताय, पण कित्येकांकडे लॉगच नसतो. दीडशे एअर माइलच्या आत फिरून 14 तासांत परत येणाऱ्या लोकल ड्रायव्हरला ईएलडी लागत नाही. त्याच्या मालकाकडे फक्त टाइमकार्ड: कधी आला, कधी गेला, एकूण तास. अठराचाकीच्या नव्या नियमात त्याचं काय करायचं? माझा एक ड्रायव्हर असाच काँक्रीटच्या गाडीवरून आला. त्याने पगाराच्या पावतीवरून बेरीज केली, घरी बायकोला फोन करून मंगळवारची वेळ विचारली, आणि सही केली. मला तेवढं पुरलं.

अठराचाकी
बरं, मागणी बदलतो. सही ड्रायव्हरचीच राहू दे. पण नोकरी सोडायच्या दिवशी मागच्या आठ दिवसांचा प्रिंट हातात देणं कंपनीला सक्तीचं करा, मी मागितला नाही तरी. मागायला लागलं की मागणारा आधीच वाईट झालेला असतो. आणि "शून्य टाक" म्हणणाऱ्याची सहीसुद्धा त्याच पानावर घ्या, माझ्या सहीच्या खाली.

कागदीघोडा
ती दुसरी सही आली तर मी माझा आयडी बदलतो.

तीनट्रकवाला
प्रिंट मी देईन, कायदा नसला तरी. पण आधी गाडीची किल्ली आणि डिझेलचं कार्ड टेबलावर.