'स्पेशियल डेटा'ला काय म्हणायचं? स्थानिक, अवकाशीय की तिसरंच काही

अर्धविराम: आमच्या प्रभागातल्या नागरिक गटासाठी विकास आराखड्यावर चार पानी माहितीपत्रक करतेय. नकाशा कसा वाचायचा, हरकती-सूचना कशा द्यायच्या, एवढंच. मूळ इंग्रजी मजकुरात 'स्पेशियल डेटा' पावलोपावली आहे. मी सरळ 'स्थानिक माहिती' करून मोकळी झाले. कच्चा खर्डा बैठकीत वाचला. 'आराखडा स्थानिक माहितीच्या आधारे तयार होतो' हे वाक्य आलं आणि एक आजी म्हणाल्या, "आम्हाला तर कुणी विचारलं नाही!" बरोबरच आहे त्यांचं. मला म्हणायचं होतं उपग्रहाची चित्रं आणि मोजणीचे नकाशे. त्यांनी ऐकलं, इथल्या लोकांना विचारून गोळा केलेली माहिती. शब्द नुसता चुकला असता तर चाललं असतं, हा उलटंच सांगतोय. काय लिहू?

उंबरठा: हे हिंदीचं देणं. हिंदीत 'लोकल'साठी 'स्थानीय' रुळलेला, म्हणून 'स्थानिक' दुसऱ्या कामाला मोकळा राहिला. त्यांचं 'भू-स्थानिक' तसंच घडलं, आणि २०२२च्या केंद्राच्या धोरणाबरोबर आपल्याकडेही 'राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण' आलं. मराठीत 'स्थानिक' आधीच गुंतलेला आहे: स्थानिक स्वराज्य संस्था, स्थानिक सुट्टी, स्थानिक विरुद्ध उपरे. पुढे 'भू' लावल्यावर गैरसमज टळतो हे खरं, पण समज होतो असंही नाही.

भूगोलाच्या पुस्तकांत 'अवकाशीय' भेटतो. संस्कृतात अवकाश म्हणजे मोकळी जागा, वाव. त्या हिशोबाने चोख. पण आपल्या कानात अवकाशयान आणि अवकाशवीर बसलेत. शिवाय 'निकालाला अजून अवकाश आहे' यातला अवकाश जागेचा नाही, वेळेचा. तुमच्या आजी 'अवकाशीय माहिती' ऐकून थेट श्रीहरिकोट्याला पोचतील.

चहापुरतं: 'स्थळविषयक माहिती' करा. छोटं, सोपं.

उंबरठा: करा, आणि मग पत्रिका जुळतेय का तेही विचारतील.

बांधावरचा: मी भूमी अभिलेखात भूकरमापक होतो, आता निवृत्त. तुमची चर्चा वाचून गंमत वाटली, कारण या मालाला आमच्याकडे केव्हापासून मराठी नावं आहेत. फक्त 'डेटा' असं एकच नाव नाही. प्रत्येक कागदाचं वेगळं.

जमिनीवर घेतलेली मापं ज्यात उतरवली ते टिपण. त्यावरून क्षेत्र काढलं ते गुणाकार बुक, कारण त्यात खरोखर गुणाकारच असत. सर्व्हे नंबराचे हिस्से पडले की फाळणी. क्षेत्र आणि शेतसाऱ्याची आकारणी एकत्र लिहिली तो आकारबंद. जुनी मोजणी शंकू-साखळीची: साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. एक चौरस साखळी म्हणजे १ गुंठा, १०८९ चौरस फूट, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. त्यामुळे जुन्या टिपणावर लांबी साखळी-आण्यांत असते. संगणकीकरणाच्या वेळी आमच्याकडे आलेल्या एका मुलाने ते आणे बघून विचारलं होतं, हे पैसे कुणाचे? पुढे फलकयंत्र (प्लेन टेबल) आलं, मग ईटीएस हे इलेक्ट्रॉनिक मोजणीयंत्र, आता उपग्रहांच्या संकेतांवरून जागा सांगणारा रोव्हर. यंत्रं बदलली, पण 'टिपण' हा शब्द मला अजून कुठल्याही 'डेटा'पेक्षा नेमका वाटतो.

नगर भूमापन झालेल्या शहरी भागात मात्र सातबारा नाही, मिळकत पत्रिका. गट नंबर नाही, नगर भूमापन क्रमांक. ताई, तुमच्या पत्रकात हे दोन शब्द घालाच. नकाशात लोक आपलं घर त्याच नंबरावरून शोधणार.

पिक्सेल: काका, टिपण झकास आहे, पण ते एका सर्व्हे नंबराचं. ताईंना अख्ख्या शहराच्या साठ्याला शब्द हवाय. मी जीआयएसमध्ये काम करतो. सरकारी मराठीत त्याला 'भौगोलिक माहिती प्रणाली' म्हणतात, बोलताना कुणीही म्हणत नाही.

अर्धविराम: 'ठिकाणनिहाय माहिती' कसं वाटतं? वॉर्डनिहाय, गावनिहाय असतं तसं.

पिक्सेल: तिथेच घोटाळा होतो. 'वॉर्डनिहाय लोकसंख्या' हा तक्ता आहे. वॉर्डात किती माणसं ते कळतं. वॉर्डाचा आकार, त्यातून नाला कुठून जातो, शाळा नाल्यापासून किती लांब, यातलं काही कळत नाही. आमच्या मालात नोंदीबरोबर तिची जागाही असते, बिंदू, रेषा नाहीतर बहुभुज म्हणून. म्हणूनच नाल्याच्या दोन्ही बाजूंना ९ मीटरचा पट्टा काढून त्यात किती घरं येतात ते मोजता येतं. 'निहाय' लावला की हा अर्थ गळतो, उरते आकडेवारी.

'डेटा'ला 'विदा' म्हणायची रीत नेटवरच्या मराठीत बऱ्यापैकी रुळलीय, पण पत्रकात नको. हिंदी सिनेमे बघणाऱ्यांना पाठवणी आठवेल.

वऱ्हाडी ठेचा: उपग्रहचित्रांचं काम करणारी नागपूरची संस्था आठवा, महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र. मधले तीन शब्द, तिन्ही संस्कृत. आम्ही 'एमआरसॅक' म्हणतो अन् रिक्षावालाही बरोबर नेतो.

बांधावरचा: पिक्सेल, तुमचं पटलं. मग एक विचारतो. कागदावरचा जुना नकाशा तुम्ही उपग्रहाच्या चित्रावर ठेवता, त्याला काय म्हणता?

पिक्सेल: जिओरेफरन्स. परिभाषेत 'भूसंदर्भीकरण' वगैरे. ऑफिसात 'सुपरइम्पोज मारला' म्हणतात.

बांधावरचा: आम्ही 'नकाशा बसवणे' म्हणायचो. बसला किंवा बसला नाही. 'हद्द बसत नाही' म्हटलं की सगळ्यांना कळायचं की पुढचे सहा महिने भांडणं आहेत. आणि ताई, तुमच्या आजींना हसू नका. प्रमाण १:४००० असेल तर नकाशावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ४ मीटर. नुसत्या रेघेच्या जाडीत एखाद्याचा ओटा जातो. चित्र घेतलं त्या दिवशी झाडाखाली दडलेलं देऊळ त्यात दिसत नाही. नियोजनाच्या १९६६च्या कायद्यात आधी विद्यमान जमीन-वापराचा नकाशा करायला सांगितलंय. तोच चुकला तर त्यावर रंगवलेली आरक्षणंही, म्हणजे शाळा-बागांसाठी राखलेल्या जागाही, चुकणार. मुंबईचा २०१५चा प्रारूप आराखडा चुकांमुळे नव्याने करावा लागला, हे फार जुनं नाही.

उंबरठा: म्हणजे पत्रकात दोन्ही शब्द लागणार! आजींचा 'स्थानिक' त्यांच्याच अर्थाने ठेवा, आणि दुसऱ्यासाठी काकांचं क्रियापद घ्या. 'नकाशावर बसवलेली माहिती'. लांब आहे, पण फोड करून सांगावी लागणार नाही.

चहापुरतं: 'बसवलेली' म्हणजे गणपती.

उंबरठा: गणपती बसतो तेव्हा त्याची जागा ठरलेली असते. उपमा उलट पक्की होतेय.

अर्धविराम: घेतलं. वाक्य आता असं आहे: 'आराखडा नकाशावर बसवलेल्या माहितीच्या आधारे तयार होतो. ती तुमच्या स्थानिक माहितीशी जुळत नसेल, तर नगर भूमापन क्रमांक लिहून हरकत नोंदवा.' रात्री फोनवर आजींना वाचून दाखवलं. म्हणाल्या, "आणि बसलीच नाही तर?" मी म्हटलं, म्हणूनच तर हरकत.

आता दुसरं. 'लेयर'ला थर, स्तर की पदर? रस्त्यांचा लेयर, पाण्याच्या वाहिन्यांचा लेयर, आरक्षणांचा लेयर.

पिक्सेल: थर. एकावर एक चढतात, हवा तो लपवता येतो.

चहापुरतं: दहीहंडीत मधला थर लपवून बघा.

बांधावरचा: पूर्वी आम्ही ट्रेसिंगचं कापड एकावर एक ठेवायचो, त्याला 'पदर' म्हणणारा एक साहेब होता. वरचा पदर उचला, म्हणायचा. मला आवडायचं ते.

अर्धविराम: काका, पत्रक रविवारी छापायला जातंय. पदरच लिहिते.