हे अराजकाचं युग आहे का, का आपल्यालेच तसं वाटून राहिलं?

बर्डीवाला:
काल आपल्या नागपूरच्या सीताबर्डीत, व्हरायटी चौकात सिग्नल बंद. चारही बाजूनं गाड्या घुसल्या, मधात एक ई-रिक्षा आडवी, अन् रॉंग साइडनं आलेला एक पोट्टा मलेच म्हणतो, "काका, दिसत नाही का?" पंधरा मिनिटं तिथं अडकून मले पटलं, हे युगच अराजकाचं आहे. कोणता फोटो खरा, कोणता कॉम्प्युटरनं बनवलेला ते कळत नाही, बँकेतून बोलतो म्हणून रोज कोणीतरी चोर फोन करतो, युक्रेनचं युद्ध २०२२ ले सुरू झालं तेव्हा लोक म्हणे महिन्याभरात आटपते. भरवसा ठेवायचा कोणावर?

महालकर:
काका, तुमच्या त्याच सीताबर्डीच्या टेकडीवर २६-२७ नोव्हेंबर १८१७ ले आप्पासाहेब भोसल्यांची फौज अन् इंग्रज रात्रभर लढले. त्याच्या आधी पेंढाऱ्यांची धास्ती होतीच. १८५३ ले नागपूरचे राजे तिसरे रघुजी भोसले वारले, वारस नाही म्हणून डलहौसीनं अख्खं राज्यच खालसा केलं, वाड्यातले हत्ती-घोडे लिलावात निघाले. मग १८९६-९७ चा दुष्काळ, त्यातून लोक सावरतात न सावरतात तं १८९९-१९०० चा, मग १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. स्वातंत्र्याच्या वेळी आपल्या देशात सरासरी आयुष्य बत्तीसच्या आसपास होतं, आता सत्तरीच्या घरात आहे. तुम्ही साठीत सिग्नलवर चिडून राहिले हेच लय झालं 😄

तर्रीपोहे:
महालकर भाऊ, इतिहास मान्य, पण २३ सप्टेंबर २०२३ विसरले का? अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, पहाटे घरात पाणी. आईचा फ्रिज हॉलमध्ये आडवा तरंगत होता, आम्ही पलंगावर उभे, अन् मोबाईलवर एक मेसेज की तलाव फुटला, दुसरा की फुटला नाही, तिसरा की गच्चीवर जा. आता कोणाचं खरं धरून म्हाताऱ्या आईले बाहेर काढायचं सांगा! पेंढारी निदान घोड्यावरून येताना दिसत तरी होता. नंतर भरपाईच्या अर्जासाठी चार खिडक्या फिरलो, प्रत्येकजण पुढच्याकडे बोट दाखवे.

महालकर:
ते वाईटच झालं ताई, त्याच्यावर वाद नाही. पण त्या दिवशी बोटी घेऊन एनडीआरएफवाले आले, सैन्य आलं. अराजकात बोट येत नसते.

तर्रीपोहे:
आमच्या गल्लीत नाही आली. शेजारच्या पोट्ट्यांनी ट्यूब बांधून काढलं आईले.

हिशोबी:
मी दोघांच्याही विरोधात. अराजक म्हणजे राजा नसणं. इथं तं उलटच आहे, गॅसले केवायसी, सिमले आधार, मेलेल्या बापाच्या पेन्शनचं खातं बंद करायले ओटीपी, अन् तो ओटीपी जाते बापाच्याच बंद नंबरवर! इतके राजे झाले की कोणाच्या दरबारात उभं राहावं ते समजत नाही. याले दुसरा शब्द शोधा बा.

बर्डीवाला:
हिशोबी भाऊ, हे बरोबर पकडलं. कलियुगच म्हणावं तं ते चार लाख बत्तीस हजार वर्षांचं, त्यातले पाचेक हजारच झाले, म्हणजे लायनीत लय मागं आहोत आपण. तान्ह्या पोळ्याले मारबतीच्या मिरवणुकीत ओटीपीचाच बडग्या, म्हणजे पुतळा, काढू अन् ओरडू, घेऊन जा गे मारबत! बाकी सिग्नल आज सकाळीही बंदच होता, ऑफिसले जाणाऱ्यांनी मुंजे चौकाकडून निघा.