मदत हवी आहे: तिवरांत अडकलेला कचरा कायाकमधून काढायचा कसा?

मंडळी, आम्ही चौघं रविवारी सकाळी कोलशेतजवळ खाडीत कायाक चालवतो आणि परतताना कचरा उचलतो. (ऐरोलीकडे जात नाही, तिथे फ्लेमिंगो अभयारण्य आहे.) तरंगत्या बाटल्या सोप्या. खरा वैताग तिवरांच्या मुळांत गुंतलेल्या पिशव्यांचा: ओढल्या की फाटतात, जोर लावला की कायाक कलते. थर्माकोलचा तर हात लागताच भुगा! गेल्या वेळी ओहोटीचा अंदाज चुकला आणि तासभर चिखलात रुतून बसलो. घरी अजून सांगितलेलं नाही.

भरती पूर्ण व्हायच्या तासभर आधी उतरावं, की भांगाचेच दिवस (भरती-ओहोटीतला फरक कमी असतो ते) धरावेत? भरलेली गोणी पुढे बांधावी की मागे? आणि असलं चिखलाने माखलेलं प्लास्टिक घेणारा भंगारवाला ठाण्यात कुणाला माहीत आहे का?