तांबड्या रश्श्यासोबत दोन-तीन निवांत घेता येईल अशी हलकी बिअर कोणती?

मंडळी, पुढच्या शनिवारी शेतावर मित्रांचं जेवण आहे. तांबडा-पांढरा, सुकं मटण, भाकरी. दुपारपासून रात्रीपर्यंत गप्पा चालणार, त्यामुळं सावकाश दोन-तीन घेतल्या तरी डोकं जड होणार नाही अशी बिअर हवी आहे. सगळे तिथंच मुक्कामाला, गाडी कुणी चालवणार नाही. दारू पिण्याचे परवानेही आहेत.

स्ट्राँग सुचवू नका. ८ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असणारी बिअर दुसऱ्या ग्लासातच जेवणाची मजा घालवते. किंगफिशर प्रीमियम आणि बडवायझर घेऊन झाल्या. दोन्ही ५ टक्क्यांच्या आसपास, थंडगार असल्या की चांगल्याच, पण रश्श्याच्या तिखटापुढं त्यांची चव मला लागत नाही. हूगार्डन मात्र फार आवडली. गव्हाची, ४.९ टक्के, धणे आणि संत्र्याच्या सालीचा वास मटणाच्या मसाल्याशी मस्त जुळतो. पण सगळ्यांसाठी घ्यायची तर बजेटबाहेर जाते.

शेतावर फ्रिज नाही, थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून ठेवणार. म्हणून ६५० मिलीच्या बाटल्यांपेक्षा ५०० मिलीचे कॅन बरे.

तर कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरी किंवा ताराबाई पार्कात सध्या ५ टक्क्यांच्या आतली, कमी कडवट, हूगार्डनपेक्षा स्वस्त अशी गव्हाची बिअर कॅनमध्ये कोणती मिळते?