व्हेनेझुएला: नाट्यगृह उघडलं, तोवर तिजोरी फुटली होती
(बोलणारे तिघं, टोपणनावांनी: उलटतपासणी, काजवा, आगंतुक)

उलटतपासणी
१८ फेब्रुवारी १९८३, शुक्रवार. वर्षानुवर्षं डॉलरला ४.३० या भावाला खिळवलेला बोलिव्हार, म्हणजे व्हेनेझुएलाचं चलन, त्या दिवशी सुटला. तिकडे त्याला ‘काळा शुक्रवार’च म्हणतात. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १९ एप्रिलला, राजधानी काराकासमध्ये तेरेसा कारेन्यो या अवाढव्य नाट्यसंकुलाचं थाटात उद्घाटन झालं. घरात हप्ते थकलेत आणि दारात मांडव, अशातली गत.

माझं म्हणणं असं की व्हेनेझुएलाचा सत्तरच्या दशकातला सांस्कृतिक बहर मुळात तेलाच्या पैशावरची रोषणाई होती. १९७३ नंतर तेलाचे भाव भडकले, १९७४ मध्ये काराकासला समकालीन कलेचं संग्रहालय उघडलं, त्याच वर्षी लॅटिन अमेरिकन अभिजात साहित्याची आयाकूचो ग्रंथमाला सुरू झाली. मध्यमवर्ग मायामीला जाऊन ‘स्वस्त आहे, दोन दे’ म्हणत खरेदी करायचा. सरकारनेही संस्कृती त्याच चालीवर विकत घेतली. पैसा आटला, दिवे गेले. यात हळहळण्यासारखं काय आहे?

काजवा
साफ असहमत. विकत घेतलेली संस्कृती आणि घडवलेली संस्कृती यांची तुम्ही एकच मोट बांधताय. १९७५ मध्ये होसे आंतोनियो आब्रेऊंनी मूठभर पोरं गोळा करून ‘एल सिस्तेमा’ सुरू केलं. गरीब वस्तीतल्या मुलांच्या हातात व्हायोलिन द्यायचं आणि पहिल्या दिवसापासून वाद्यवृंदात बसवायचं. यातूनच जगप्रसिद्ध वाद्यवृंद-संचालक गुस्ताव्हो दुदामेल आला. ही रोषणाई असती तर ८३ मध्येच विझायला हवी होती. (आब्रेऊ स्वतः अर्थतज्ज्ञ होते, हे जाता जाता.)

उलटतपासणी
काजवा, पण त्या वाद्यवृंदाला पगार कोण देत होतं? सरकारच ना? मग २०१७ मध्ये काय झालं तेही सांगा. त्याच सिस्तेमात शिकलेला, व्हायोला वाजवणारा एक कोवळा मुलगा काराकासच्या निदर्शनांत मारला गेला. दुदामेल जाहीरपणे सरकारविरुद्ध बोलला आणि काही महिन्यांत त्याचा राष्ट्रीय युवा वाद्यवृंदासोबतचा अमेरिका दौरा रद्द झाला. ज्याच्या हाती देणगी, त्याच्याच हाती कुलूप.

आगंतुक
दोघंही कलेभोवती पिंगा घालताय. देश संगीतामुळे बुडाला नाही आणि संगीताने वाचणारही नव्हता. सरकारी तेल कंपनीत २००२-०३ चा संप झाला, त्यानंतर १८ हजारांच्या आसपास लोकांना काढलं. विहीर कशी चालते हे ज्यांना ठाऊक, नेमके तेच घरी. नव्वदच्या दशकाअखेर रोज ३० लाख पिंपांच्या वर निघणारं तेल २०२० मध्ये पाच लाखांच्या आसपास आलं. त्यात भाव बांधून दिलेले, नोटा छापणं सुरूच, २०१९ पासून अमेरिकेचे तेलनिर्बंध. चलनावरची शून्यं तीनदा पुसली: २००८ ला तीन, २०१८ ला पाच, २०२१ ला सहा. एकूण चौदा. नाट्यगृहाचं बिल यापुढे चिल्लर हो!

उलटतपासणी
चिल्लर मान्य. पण ढासळण्याची जात बघा. काराकासच्या त्या कलासंग्रहालयाने १९८१ मध्ये फ्रेंच चित्रकार मातिसचं लाल विजारीतल्या ओदालिस्कचं (जनानखान्यातल्या स्त्रीचं) चित्र घेतलं होतं. ते कधी चोरीला गेलं कुणालाच कळलं नाही, कारण त्या जागी नक्कल टांगलेली. २००२ च्या अखेरीस बोभाटा झाला. संग्रहालय उभारणाऱ्या सोफिया इंबेर यांना राष्ट्राध्यक्ष चावेझनी आदल्याच वर्षी काढलं होतं. तेही थेट टीव्हीवरून. अस्सल चित्र सापडलं २०१२ मध्ये, मायामीत. म्हणजे जिथे लोक ‘दोन दे’ म्हणायला जायचे, तिथेच! तेलविहिरी असोत की चित्रं, जाणकाराला हाकललं की भिंतीवर नक्कल उरते. आगंतुक, हा तुमचाच मुद्दा झाला की.

आगंतुक
झाला खरा. चित्राचं ठाऊक नव्हतं.

काजवा
मग माझंही एक ऐका. आमच्या ऑफिसात काराकासची एक मुलगी होती. तिच्याकडे पैशाचं पाकीट होतं, बोलिव्हारच्या नोटांच्या घड्या घालून एकीत एक गुंफलेलं. कोलंबियाच्या हद्दीवर कुकुतात रस्त्यावर घेतलं म्हणाली. देश सोडून आलेली माणसं तिथे बसून विणतात. जवळून पाहिलं तर प्रत्येक घडीत कुणा वीरपुरुषाचा अर्धाच चेहरा, कधी डोळा, कधी मिशी. मी विचारलं, किती नोटा लागल्या? म्हणाली, मोजल्या नाहीत, मोजण्यासारखं त्यात होतं काय. आत मात्र डॉलर नीट सरळ ठेवलेले.

कागदाला किंमत उरली नाही, बोटांतली कला उरली. याला रोषणाई म्हणायचं?

उलटतपासणी
नाही. पण हा बहरही नव्हे, हे पोट भरणं आहे.

आगंतुक
काराकासच्या मैकेतिया विमानतळावर क्रूस-दिएस या व्हेनेझुएलन कलाकाराने केलेली रंगीत पट्ट्यांची फरशी आहे, सत्तरच्या दशकातली, त्याच तेलाच्या पैशातली. ७० लाखांहून जास्त लोक देशाबाहेर गेले. विमानाने गेलेल्यांतले कितीतरी जण निघताना आपल्या पायांचा फोटो काढायचे, त्या फरशीवर. काही जण सुटलेला तुकडा खिशात घालून न्यायचे.

उलटतपासणी, ही विकत घेतलेली धरायची की घडवलेली?

उलटतपासणी
थांबा, विचार करून सांगतो.