लोवेलच्या गिरण्या परदेशी मजुरांनी उभारल्या, हे कितपत खरं?

मेरिमॅककाठी (धागाकर्ता)

गेली अकरा वर्षं मी मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलला राहतोय. पाहुणे आले की त्यांना बूट गिरणीच्या म्युझियमला नेणं ठरलेलं. तिथे तळमजल्यावर जुने माग अजून चालू ठेवलेत. आत शिरताना कानात घालायला बोळे देतात, तरी आवाज कानापेक्षा पायातून जास्त कळतो. फळ्यांची जमीन अशी थरथरते की पोटऱ्यांपर्यंत जाणवतं. मागच्या रविवारी बाहेर आल्यावर एक काका म्हणाले, "बघ, हा देश आपल्यासारख्या बाहेरच्यांनीच बांधला."

इथले आपले भारतीय लोक हे वाक्य फार आवडीने म्हणतात. त्यात आपलंही कौतुक होऊन जातं ना! मला ते पटत नाही, निदान लोवेलपुरतं तरी नाही.

पॉटकेट धबधब्यापाशी मेरिमॅक नदी तीसेक फूट खाली उतरते. त्या पाण्यावर इथे १८२३ पासून कापड गिरण्या चालू झाल्या. १८३६ ला शहराचा दर्जा मिळाला, १८४० ला वस्ती २०,००० च्या वर गेली. तेव्हा मागावर कोण होतं? न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, मेनमधल्या शेतकऱ्यांच्या पोरी. बहुतेक अविवाहित, कंपनीच्या खानावळीत राहणाऱ्या. खानावळ चालवणारी बहुधा एखादी विधवा. रात्री दहाला दार बंद, रविवारी चर्चला जायलाच हवं, आणि आठवड्याला सरासरी ७३ तास काम.

पण या पोरी मुकाट्याने सोसणाऱ्यातल्या नव्हत्या. १८३४ ला मजुरी कापली तेव्हा काम टाकून रस्त्यावर आल्या, आणि हरल्या. १८३६ ला खानावळीचा दर वाढवला तेव्हा दीड हजारांहून जास्त जणी बाहेर पडल्या आणि या वेळी कंपन्यांना बरंच मागे यावं लागलं. १८४५ पर्यंत सारा बॅगली आणि तिच्या साथीदारणींनी स्वतःची संघटना काढली होती, दहा तासांच्या दिवसासाठी विधिमंडळाकडे सह्यांचे अर्ज जात होते.

नेमक्या त्याच साली आयर्लंडमध्ये बटाट्याचं पीक कुजलं आणि पुढे बॉस्टन बंदरात उपाशी माणसांची रीघ लागली. लोवेलच्या हॅमिल्टन कंपनीत १८३६ ला परदेशात जन्मलेले कामगार ४ टक्क्यांहून कमी होते. १८६० ला ते ६० टक्क्यांच्या वर गेले. दहा तासांचा कायदा, तोही फक्त बायका-मुलांपुरता, यायला १८७४ उजाडलं.

तर माझं म्हणणं असं, की शहर आधीच उभं होतं. इथले हात आवाज करायला लागले तेव्हा मालकांना गप्प राहणारे हात हवे झाले, आणि ते बोटीने आले. चुकत असेन तर दाखवा.

---

कुदळफावडं

दाखवतो. गिरणी चालते पाण्यावर, पाणी येतं कालव्यातून. कालवा कुणी खणला?

१८२२ च्या वसंतात ह्यू कमिस्की नावाचा आयरिश मुकादम तीसेक आयरिश मजूर घेऊन बॉस्टनजवळच्या चार्ल्सटाउनहून लोवेलला आला. चालत. एकाही मागाचा धोटा हलायच्या आधी. त्यांनी कुदळीने आणि सुरुंगाच्या दारूने खडक फोडून कालवे काढले. तुमच्या पोरींना विटांच्या खानावळी मिळाल्या, यांना काहीच नाही. तंबूत आणि फळकुटांच्या खोपट्यांत राहिले, त्याचीच पुढे 'एकर' नावाची वस्ती झाली. १८३१ ला त्यांनी सेंट पॅट्रिक चर्च बांधायला घेतलं तर गावातले यांकी, म्हणजे इथले जुने इंग्रज वंशाचे रहिवासी, दगड घेऊन चालून आले.

म्हणजे तुमच्या गोष्टीत आयरिश तिसऱ्या अंकात येतात. प्रत्यक्षात पडदा त्यांनीच उघडला होता.

---

मेरिमॅककाठी

कमिस्कीचं मान्य. पण माझा मुद्दा गिरणीच्या आतला होता.

---

कुदळफावडं

शीर्षकात "उभारल्या" लिहिलंय. उभारल्याच की. शीर्षक बदला, मग आत येतो.

---

सातवी खोली

माझी आजी परळच्या गिरणीत त्रासन खात्यात होती, त्यामुळे या विषयात जरा जास्तच जीव अडकतो.

मेरिमॅककाठी, पोरींना आयरिशांनी हुसकावलं असं तुम्ही सुचवताय. १८४० नंतर मालकांनी मागांचा वेग वाढवला, एकेकीकडे दोनाऐवजी तीन-चार माग दिले, आणि नगामागचा दर उतरवला. आयरिश लोंढा यायच्या आधीच हे सुरू झालं होतं. पोरींनी पाहिलं की इथे आता राम नाही. कुणी शाळेत शिकवायला लागली, कुणी लग्न करून पश्चिमेकडे गेली, कुणी बापाच्या शेतावर परतली. त्यांना वाटा होत्या. जागा आधी रिकाम्या होत होत्या, मग भरल्या गेल्या.

आणि "गप्प राहणारे हात" हा शब्दप्रयोग खटकला. उपाशी माणूस गप्प असतो कारण त्याला परतीचं तिकीट नसतं. शेजारच्या लॉरेन्समध्ये १० जानेवारी १८६० ला पेंबर्टन गिरणी भर दिवसा, कामगार आत असताना कोसळली. ओतीव लोखंडाचे खांब सदोष होते, वर मजल्यांवर पेलणार नाही इतकी यंत्रं चढवलेली. रात्री ढिगाऱ्यातून माणसं काढताना एक कंदील पडला आणि आग लागली. अडकलेली माणसं जिवंत जळाली, त्यात आयरिश पोरी किती तरी. त्यांना "मालकाचं हत्यार" म्हणायला माझी जीभ वळत नाही.

---

हिशेबनीस

भावना बाजूला ठेवू आणि धागाकर्त्याच्या बाजूने बोलू, कारण इथे सगळे त्याच्यावरच तुटून पडलेत.

१८७० साली याच राज्यात नॉर्थ ॲडम्सला बुटांच्या कारखान्यात संप होता. मालक कॅल्विन सॅम्पसन याने थेट सॅन फ्रान्सिस्कोहून ७५ चिनी कामगार आगगाडीने आणून संप मोडला. हात कमी होते म्हणून नव्हे, हे मालकाने लपवलंही नाही.

दुसरं, याहून मोठं. १८ सप्टेंबर १८९५ ला अटलांटात काळ्या समाजाचे पुढारी बुकर टी. वॉशिंग्टन गोऱ्या उद्योगपतींना म्हणाले की परदेशी मजुरांकडे डोळे लावू नका, तुमच्या शेजारी आमची ८० लाख काळी माणसं आहेत, तिथे बादली टाका, म्हणजे जवळच्याच माणसांना काम द्या. कुणी ऐकलं? १८८० ते १९२० या चाळीस वर्षांत दोन कोटींहून जास्त माणसं बाहेरून आली आणि उत्तरेच्या कारखान्यांना दक्षिणेतला काळा मजूर दिसलाच नाही. १९१४ ला पहिलं महायुद्ध लागलं, बोटी थांबल्या, तेव्हा कुठे शिकागो-डेट्रॉइटच्या मालकांनी दक्षिणेत माणसं भरायला दलाल पाठवले. बोट बंद झाल्यावर दार उघडलं. हा योगायोग म्हणायचा का?

---

कुदळफावडं

बिनतोड मुद्दा, हे कबूल. पण दार बंद कुणी ठेवलं होतं? काळ्या माणसाला बहुतेक युनियनही घेत नव्हत्या. त्याचा दोष न्यूयॉर्क बंदरातल्या एलिस बेटावर ट्रंक घेऊन उतरलेल्या सिसिलियन शेतकऱ्यावर कसा टाकायचा?

---

गुळाचा गणपती

अवांतर: १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध लागलं तेव्हा लोवेलच्या बऱ्याच कंपन्यांनी साठवलेला कापूस चढ्या भावाने विकला, माग थांबवले आणि हजारो कामगारांना घरी बसवलं. त्याच दिवसांत दक्षिणेचा कापूस अडकल्यामुळे इंग्लंडमधलं लँकेशायर आपल्या कापसावर आलं आणि मुंबईत पैशाचा पाऊस पडला. १८६५ ला युद्ध संपलं आणि मुंबईचे शेअर मातीमोल झाले. दोन्हीकडचे व्यापारी मात्र आधी गब्बर झाले. बाकी चालू द्या.

---

सातवी खोली

अवांतर कसलं, हेच तर मुख्य आहे. ज्या कामगारांना १८६१ ला घरी बसवलं त्यात यांकी आणि आयरिश असा भेद केला नव्हता.

---

परतीचं तिकीट

लॉरेन्सचा विषय निघालाच आहे तर १९१२ सांगतो, कारण "परदेशी मजूर मजुरी पाडतो आणि संप मोडतो" या म्हणण्याला तिथेच तडा जातो.

लॉरेन्समध्ये तेव्हा जवळजवळ निम्मं शहर परदेशात जन्मलेलं होतं. इटालियन, पोलिश, लिथुआनियन, सीरियन, कॅनडातले फ्रेंच. जानेवारी १९१२ पासून राज्याने बायका-मुलांचा आठवडा ५६ तासांवरून ५४ तासांवर आणला. मालकांनी दोन तासांची मजुरी कापली. ११ तारखेला एव्हरेट गिरणीत पोलिश बायकांनी पगाराचं पाकीट उघडलं, ३२ सेंट कमी. त्यांनी माग थांबवले आणि बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी यंत्रांचे पट्टे कापत जमाव गिरणीमागून गिरणी बंद करत गेला. २०,००० हून जास्त कामगार बाहेर आले, बर्फात, दोन महिने.

सभा दोन डझन भाषांत. इंडस्ट्रियल वर्कर्स ऑफ द वर्ल्ड या संघटनेने प्रत्येक भाषेचे प्रतिनिधी घेऊन संपाची समिती केली. आणि कुशल, इंग्रजी बोलणाऱ्या कापड कामगारांची जी जुनी युनियन होती, तिच्या पुढाऱ्याने या संपाला उघड विरोध केला. मग संप मोडणारा कोण झाला?

संपकऱ्यांची पोरं न्यूयॉर्क, फिलाडेल्फियासारख्या शहरांत कामगारांच्या घरी पाठवत होते. २४ फेब्रुवारीला स्टेशनवर पोलिसांनी त्या पोरांना आणि त्यांच्या आयांना झोडपलं, आणि तिथे सगळं फिरलं. मार्चमध्ये काँग्रेससमोर साक्षी झाल्या. कॅमेला तेओली नावाची चौदा वर्षांची इटालियन पोर उभी राहिली. यंत्रात केस अडकून तिच्या डोक्याची कातडी सोलली गेली होती, सात महिने दवाखान्यात काढले होते. वय चौदा असल्याचा खोटा कागद बापाला एका माणसाने चार डॉलरला करून दिला होता, हेही तिने सांगितलं. ऐकणाऱ्यांत राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांच्या पत्नी बसल्या होत्या. मार्चच्या मध्याला मालक नमले. मजुरी वाढली, सगळ्यात कमी मिळवणाऱ्यांची सगळ्यात जास्त.

मालकांतला सगळ्यात बडा, अमेरिकन वुलन कंपनीचा विल्यम वुड, स्वतः अझोर्स बेटांवरून आलेल्या पोर्तुगीज खलाशाचा मुलगा. स्थलांतरितांनी देश बांधला म्हणणाऱ्या काकांना हेही सांगा. दोन्ही बाजूंना तेच होते.

---

हिशेबनीस

संप जिंकला हे खरं. पुढचं पण सांगा. काही वर्षांत ती संघटना लॉरेन्समधून जवळजवळ नाहीशी झाली. एवढ्या भाषांच्या माणसांना दोन महिने एकत्र ठेवता येतं, दहा वर्षं नाही. मालकांना हे पक्कं ठाऊक होतं. एका खात्यात मुद्दाम चार भाषांची माणसं ठेवायची चाल उगाच नव्हती. आणि जिथे अमेरिकन मजूर महासंघाचे (AFL) पुढारी सॅम्युअल गॉम्पर्स, जे स्वतः लंडनमध्ये जन्मलेले ज्यू स्थलांतरित, तेच परदेशी मजुरांवर बंदी मागत होते, तिथे त्या भीतीत काहीच तथ्य नव्हतं असं म्हणवत नाही.

---

परतीचं तिकीट

बंदी मिळाली की त्यांना. १९२१ ला बाहेरून येणाऱ्यांवर कोटा, १९२४ ला आणखी कडक कोटा. मग लोवेल-लॉरेन्सची मजुरी वर गेली असेल? याच दशकात लोवेलच्या गिरण्या धडाधड बंद पडल्या. कापड गेलं दक्षिणेत कॅरोलायनात, जिथे मागावर जवळजवळ सगळे तिथेच जन्मलेले गोरे होते, डोंगरातून आणि शेतातून आलेले. एकही आयरिश, पोल, इटालियन नाही म्हटलं तरी चालेल. आणि मजुरी न्यू इंग्लंडपेक्षा कमी. मजुरी पाडायला परदेशी माणूस लागतोच असं नाही, हे धागाकर्त्याच्या सिद्धांतात कुठे बसवायचं?

---

मेरिमॅककाठी

हा प्रश्न दोन दिवस डोक्यात घेऊन फिरतोय. कॅरोलायनाचं उत्तर माझ्याकडे नाही, सरळ सांगतो. सातवी खोली यांचा वाटांचा मुद्दाही लागला. पोरींकडे शेत होतं म्हणून त्या भांडू शकल्या, हे मला आधी सुचायला हवं होतं.

पण हॅमिल्टन कंपनीचे ४ आणि ६० हे आकडे कुणी खोडले नाहीत, बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बादलीचंही कुणी समाधान केलं नाही. तेवढ्यावर मी ठाम आहे.

रविवारी काकांना लॉरेन्सला नेतोय, दहा-बारा मैल तर आहे. वुडच्या एअर गिरणीचा घड्याळाचा मनोरा अजून उभा आहे आणि घड्याळ चालू आहे.

---

कुदळफावडं

जा. लोवेलमधून निघताना कालव्याच्या कडेने जा, आणि काकांना कमिस्की सांगा. शीर्षक अजून बदललं नाहीये.