मदत हवी आहे: न्यू जर्सीत भाच्यावर शॉपलिफ्टिंगची केस, ग्रँड ज्युरीपुढे जावं का?

एडिसनकर:
भाचा एफ-१ व्हिसावर शिकतोय. मिडलसेक्स काउंटीतल्या दुकानातून ६२० डॉलरचा माल पैसे न देता नेल्याचा आरोप आहे. समन्स देऊन सोडलंय. कागदावर ‘थर्ड डिग्री’ (गुन्ह्याची श्रेणी) आहे आणि आता प्री-इन्डाइटमेंट कॉन्फरन्सची, म्हणजे आरोपपत्राआधीच्या सुनावणीची, तारीख आलीय. दुकानाचे पैसे भरून तक्रार मागे घेता येते का? ग्रँड ज्युरीपुढे जाऊन त्याने खरं काय ते सांगावं का? आणि पब्लिक डिफेंडर, म्हणजे सरकारने दिलेला बचावाचा वकील, सरकारचीच बाजू घेणार नाही ना?

नीरजा_द:
तक्रार मागे घेणं दुकानाच्या हातात नाही. खटला ‘स्टेट ऑफ न्यू जर्सी विरुद्ध अमुक’ असा असतो, पुढे न्यायचा की नाही ते प्रॉसिक्युटर, म्हणजे सरकारी वकील, ठरवतो. मॅनेजरला गळ घालायला तर मुळीच जाऊ नका, साक्षीदारावर दबाव आणल्याचा नवा आरोप मागे लागायचा. दुकानाकडून भरपाईचं पत्र आलं तर तो दिवाणी मामला. ते पैसे भरून फौजदारी केस मिटत नाही.

ग्रँड ज्युरीत जास्तीत जास्त २३ सामान्य नागरिक असतात, १२ मतं पडली की इन्डाइटमेंट, म्हणजे रीतसर आरोपपत्र. खोलीत न्यायाधीश नसतो, आरोपीचा वकील नसतो, उलटतपासणीही नसते. बहुतेक वेळा प्रॉसिक्युटर एका पोलिसाला उभा करतो, त्याची ऐकीव माहितीसुद्धा चालते. गुन्हा केला की नाही हे तिथे ठरतच नाही, खटला चालवण्याइतका पुरावा आहे का एवढंच बघतात. भाचा तिथे जे बोलेल ते शब्दशः नोंदलं जाईल आणि पुढे त्याच्याच विरुद्ध वापरता येईल. जाऊ नये.

जे काही करायचं ते या कॉन्फरन्सपर्यंत. शॉपलिफ्टिंगमध्ये २०० डॉलरच्या आत डिसऑर्डर्ली पर्सन्स (सगळ्यात हलका आरोप), २०० ते ५०० फोर्थ डिग्री, ५०० च्या वर थर्ड. ६२० हा आकडा आला कुठून? दुकानाची वस्तुवार यादी वकिलाने मागून घ्यावी. त्या दिवशी वस्तूवर सेलची किंमत होती का, न नेलेली वस्तू यादीत घुसलीय का, दोन दिवसांचा माल एकत्र धरलाय का, हे बघा. १२० डॉलर गळाले की केस फोर्थ डिग्रीवर येते. प्रॉसिक्युटर राजी झाला तर आरोप आणखी उतरवून म्युनिसिपल कोर्टातही पाठवता येतो.

मंदार_ट्रेंटन:
पब्लिक डिफेंडरचा पगार राज्य देतं, पण तो बांधील असतो अशिलाशीच. उत्पन्न बघून मिळतो, अर्ज लगेच करा. त्याच प्रॉसिक्युटरांशी त्याची रोजची गाठ असते, त्यामुळे कोण कितपत वाकतो हे त्याला नेमकं ठाऊक असतं. फुकटचा म्हणून कमी लेखू नका.

मामा, वकिलाच्या भेटीत तुम्ही मात्र बाहेर बसा. तिसरा माणूस आत असला की त्या बोलण्याची गोपनीयता धोक्यात येते. फी तुम्ही भरली तरी अशील भाचाच. आणि घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर या केसबद्दल अवाक्षर नको.

आता व्हिसा. थर्ड डिग्रीला ३ ते ५ वर्षांची शिक्षा आहे. पहिल्या गुन्ह्याला सहसा तुरुंग होत नाही, पण इमिग्रेशनवाले झालेली शिक्षा नव्हे, होऊ शकणारी शिक्षा बघतात. अमेरिकेत आल्यापासून ५ वर्षांच्या आत केलेल्या चोरीत दोषी ठरणं, वर १ वर्ष किंवा जास्त शिक्षेची शक्यता, एवढं हद्दपारीला पुरतं. फोर्थ डिग्रीलाही १८ महिने आहेत, म्हणजे तिथे थांबून भागत नाही. डिसऑर्डर्ली पर्सन्सला कमाल ६ महिनेच. म्हणून एक तर तिथपर्यंत उतरवा किंवा पीटीआय, म्हणजे प्रीट्रायल इंटरव्हेन्शन (खटल्याऐवजी देखरेखीखाली राहण्याची सवलत), मागा. तोही गुन्हा कबूल न करता. कबुली देऊन घेतलेला पीटीआय इमिग्रेशनच्या लेखी दोषसिद्धी ठरू शकतो.

एडिसनकर:
धन्यवाद दोघांनाही. एका वकिलाने सांगितलं की ‘अ‍ॅक्युझेशन’वर सही केली तर ग्रँड ज्युरी टळेल. करावी का?

मंदार_ट्रेंटन:
ती सही म्हणजे इन्डाइटमेंटचा हक्क सोडणं. बहुधा तिच्या जोडीला प्ली डील असतं, म्हणजे आलीच कबुली. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाच्या २०१० च्या पडिया (Padilla) निकालानुसार कबुलीचे इमिग्रेशनवरचे परिणाम सांगणं बचावाच्या वकिलावर बंधनकारक आहे. इमिग्रेशन वकिलाचं मत लेखी हातात येईपर्यंत सही नको.

नीरजा_द:
पत्ता बदलला तर कोर्टाला लगेच कळवा. तारीख चुकली की अटकेचं बेंच वॉरंट निघतं. आणि मधल्या काळात भारतात जायचं तिकीट काढू नका.